कुणाच्या हातचं

सिंगापूरचा डिसेंबर म्हणजे थंडी नव्हे, पाऊस. रोज दुपारी आभाळ भरून येतं, तासभर धो धो कोसळतं आणि पुन्हा उकाडा. तरी ऑर्चर्ड रोडवर रोषणाई होते, मॉलमध्ये कापसाचा बर्फ पसरतात आणि ऑफिसात प्रत्येकाने घरून एक एक पदार्थ आणायची मेजवानी ठरते. मला इथे येऊन नऊ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत नाताळचं माझं एक ठरून गेलं आहे. २५ तारखेला सकाळी क्लेमेंटीहून एमआरटी पकडायची आणि तासाभराने सेंगकांगला मित्राच्या घरी पोचायचं.

हा मित्र नाशिकचा, माझ्याच शाळेतला, माझ्याच बाकावरचा. मी पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तो मुंबईला गेला, आणि कोण कुठे म्हणता म्हणता दोघंही या बेटावर येऊन पडलो. त्याचं घराणं मूळ नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. गेल्या नाताळला त्याची आजी आली होती. वय ब्याऐंशी. गुडघे दुखतात, पण सहा तासांचा विमानप्रवास करून आली आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून स्वयंपाकघरात उभी राहिली.

चोवीस तारखेच्या संध्याकाळीच मी मदतीला गेलो. एचडीबीच्या त्या छोट्या ओट्यावर करंज्या, शंकरपाळे, चकल्या, बेसनाचे लाडू असा सगळा फराळ चालला होता. बाहेरून कुणी आलं असतं तर दिवाळी आहे असंच म्हणालं असतं. शेजारी ओव्हनमध्ये केक फुगत होता, आणि तेक्का मार्केटमधून आणलेल्या मटणाला आलं-लसूण चोळून ठेवलं होतं. आजी करंज्या भरत होत्या, मी कातण्याने कडा कापत होतो. कापता कापता त्यांनी सहज विचारलं, की तुझ्या आजी कशा आहेत. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या, असं मी सांगितलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की फार प्रेमळ बाई, आमच्या पोराला नेहमी लाडू द्यायच्या.

मी गप्प झालो. कारण मला कप आठवला.

आमच्या नाशिकच्या घरी मागच्या पडवीच्या कोनाड्यात एक कप असायचा. पांढरा, निळ्या फुलाचा, कान तुटलेला. मित्र घरी आला की त्याचा चहा त्या कपात. चहा पिऊन झाला की तो मागच्या नळावर कप विसळायचा आणि स्वतःच कोनाड्यात ठेवायचा. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आजी लाडू द्यायची हे खरंच आहे. दोन द्यायची, एक खिशात घालून. पण त्याच्या घरून नाताळला फराळाचं ताट यायचं, ते आमच्याकडे कुणी खायचं नाही. ते कामवाल्या बाईंना जायचं.

निघताना मित्राच्या आजींनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. मला शाळेतला एखादा धडा तेवढा आठवत होता. आजींचं हे दरवर्षीचं, नाताळात त्यातली थोडी पानं वाचायचीच. या वर्षी चष्म्याचा नंबर वाढलाय, तर उद्या येऊन तू वाचून दाखव, म्हणाल्या. मी परतीच्या एमआरटीत उघडलं, घरी पोचल्यावर सोफ्यावर बसून वाचत राहिलो, आणि पहाटेपर्यंत ठेववलं नाही. त्या रात्री जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आमच्या घरापासून हे गाव काही किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा धसका घेतला, की त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. वेड हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. धान्य तर सोडाच, मीठसुद्धा! मीठ धुतलं तर उरणार काय? पण धुवायचं. त्या घरातल्या बायकांचं आयुष्य या धुण्यात गेलं. लहानग्या मनूच्या मनावर जगाचा पहिला धडा असा बिंबला, की बाहेरचं ते सगळं विटाळलेलं.

अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. लोकमान्यांशी गल्लत नको; हे दुसरे टिळक, १८६१ साली कोकणात करजगावला जन्मलेले. कवी, वक्ते, संस्कृतचे जाणकार आणि डोक्याने भडक. एका नोकरीत टिकायचे नाहीत, एका गावात रमायचे नाहीत. न सांगता निघून जायचे आणि महिन्यांनी परत यायचे. हातात पैसा राहायचा नाही. दारात आलेल्याला देऊन टाकायचे. संसार ओढायची लक्ष्मीबाई. शाळेत ती कधी गेली नव्हती. अक्षर ओळख नवऱ्याने करून दिली. मुलं झाली, त्यातली काही तान्हेपणीच गेली. १८९१ मध्ये दत्तू झाला आणि तो जगला.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, उतरताना त्यांनी बायबलमधला नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांचं वाचन सुरू झालं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं.

इथे आपण क्षणभर थांबू. मीठ धुणाऱ्या घरातली ही मुलगी, पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा, आणि नवरा ‘बाटला’. त्या काळी नवरा मेला असता तर निदान समाजाला काय करायचं ते ठाऊक होतं. इथे तर नवरा जिवंत, त्याचं तिच्यावर प्रेमही आहे, तो पत्रं पाठवतो, बोलावतो. पण त्याच्या घरी गेलं की जात गेली आणि नाही गेलं की संसार गेला. सुमारे साडेचार वर्षं ती नातेवाइकांच्या आधाराने राहिली, काही काळ पंढरपूरला. या दिवसांत तिने खूप सोसलं, आजारी पडली, कविताही केल्या. शेवटी ती नगरला नवऱ्याकडे गेली. पण अट घालून. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्याच्या हातचंही पाणी प्यायचं नाही.

मला या भागाने फार धरून ठेवलं. आपण मोठ्या माणसांचं चरित्र वाचतो तेव्हा ती पहिल्यापासून शहाणी असतात. लक्ष्मीबाई तशा नव्हत्या. त्यांनी सोवळं अगदी मनापासून पाळलं. आपण किती पाळत होतो आणि त्यात किती फजिती होत होती, हे त्यांनी म्हातारपणी स्वतःवरच हसत लिहिलं आहे. कुणाला दोष नाही, रडगाणं नाही. घरी कुणी गप्पा मारत बसावं तसं सगळं लिहिणं.

मग ते दिवस आले. टिळक नगर जिल्ह्यात राहुरीला होते. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला होता, मिशनकडे पोरकी मुलं येत होती. आजूबाजूला सगळ्या जातींची माणसं, त्यातली बहुतेक ज्यांची सावलीही जलालपूरच्या घराला चालली नसती अशी. लक्ष्मीबाई पाहत होत्या, मनाशी घोळवत होत्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जनावरांमध्ये दिसतो तसा फरक माणसांच्या अंगावर दिसला असता. असा विचार करता करता त्यांच्या मनातलं एक एक ठाणं पडत गेलं आणि त्यांनी ठरवलं, की इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. त्यांना कुणी उपदेश केला नव्हता. नवराही मागे लागणं सोडून बसला होता. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली राहुरीत घेतला. म्हणजे आधी ताट बदललं, धर्म मागाहून.

यातला एक बारकावा मला त्या रात्री दिसला, आणि त्यापुढे माझी झोप उडाली. लक्ष्मीबाईंनी काय ठरवलं? सगळ्यांना खाऊ घालायचं, असं नाही. ते त्यांच्या माहेरीही होत असेल. दारातून, वरून, टाकून. त्यांनी ठरवलं की सगळ्यांच्या हातचं घ्यायचं. देणं सोपं असतं. त्यात हात वरच राहतो. घेताना मात्र हात खाली येतो, आणि समोरच्याचा हात आपल्या तोंडापर्यंत पोचतो. माझी आजी लाडू देत होती. ताट घेत नव्हती.

पुढच्या आयुष्यात लक्ष्मीबाईंचं घर म्हणजे धर्मशाळा. टिळक कुणालाही घेऊन यायचे आणि बाई त्यांच्यासाठी चूल पेटवायच्या. पोरक्या मुलांना जागा, विद्यार्थ्यांना जागा. तारा नावाची मुलगी त्यांनी पोटची म्हणून वाढवली. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन झालं. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेने सगळ्यांना थक्क केलं. तोच आपला बालकवी. टिळकांनी त्याला नगरला घरी आणलं, आणि बाईंना आणखी एक मुलगा मिळाला. त्याचा हट्टीपणा, त्याचे रुसवे, त्याचा वेंधळेपणा त्यांनी आईच्या मायेने लिहिला आहे. १९१८ मध्ये तो रेल्वेच्या अपघातात गेला.

टिळकांचं एक मोठं काम सांगायला हवं, कारण मित्राच्या घरचा नाताळ त्याशिवाय कळत नाही. धर्म बदलला म्हणून मराठीपण सोडायचं नाही, हा त्यांचा आग्रह. त्यांनी देवळात भजन आणलं, कीर्तन आणलं, टाळ-मृदंग आणले. अभंगाच्या चालीवर शेकडो गीतं लिहिली, ती आजही मराठी उपासनेत म्हणतात. दोघांनी आपली नावं बदलली नाहीत. लक्ष्मीबाई शेवटपर्यंत लक्ष्मीबाईच राहिल्या. सेंगकांगच्या ओट्यावर केकशेजारी करंजी का होती, त्याचं उत्तर मला इथे सापडलं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. बाई पन्नाशीत एकट्या पडल्या. पण त्या बसून राहिल्या नाहीत. मुंबईला राहिल्या, पुढे काही काळ थेट कराचीला. विचार करा, जलालपूरच्या अंगणात वाढलेली बाई म्हातारपणी इतक्या दूरच्या शहरात बिऱ्हाड थाटते. आपले आईवडील आपल्याकडे सहा महिने येतात आणि लिफ्टचं बटण दाबायला बिचकतात, तेव्हा मला आता कराचीतल्या लक्ष्मीबाई आठवतील. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-एक अध्यायांवर अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली.

आणि मग साठी उलटल्यावर, नातवंडं अंगाखांद्यावर खेळत असताना, मुलगा देवदत्तच्या आग्रहावरून त्या आठवणी लिहायला बसल्या. ‘संजीवनी’ साप्ताहिकात त्या येऊ लागल्या, १९३४ पासून पुस्तकरूपाने निघाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या वारल्या. चौथा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळकांनी आजीच्या या पुस्तकाची साक्षेपाने संपादित केलेली आवृत्ती तयार केली. नातवाने आजीला दिलेली याहून मोठी भेट कोणती?

नाताळच्या दिवशी मी लाल डोळ्यांनी सेंगकांगला पोचलो. मित्राच्या आजींनी प्रार्थना केली, मग मला वाचायला बसवलं. मी दोन-तीन प्रसंग वाचले. पोरं हसली, आजी तर पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणत होत्या. मग पानं वाढली. मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, पुलाव, कांदा, लिंबू. आजी स्वतः बसल्या नाहीत, आग्रह करकरून वाढत राहिल्या. पणतू मांडीवर येऊन केक मागत होता. तिसरी भाकरी पानात पडली तेव्हा मला राहवलं नाही. मी मित्राला म्हटलं, तो कप मला आठवतोय.

टेबलावर जरा शांतता झाली. मित्राने माझ्याकडे न बघता सांगितलं, की त्यालाही आठवतो, निळं फूल होतं. मग म्हणाला की कपाचं त्याला तेव्हाच कळलं होतं, घरी विचारलंही होतं. आजीनेच त्याला सांगितलं होतं, की चहा प्यायचा, कप विसळायचा आणि मैत्री सोडायची नाही. मी मित्राच्या आजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पानात रस्सा वाढला आणि निवतोय, खा, एवढंच म्हणाल्या. माफी मागायचं माझ्या मनात होतं. ते त्यांनी मागू दिलं नाही, आणि माफ केलं असंही म्हटलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

रात्री करंज्यांचा डबा घेऊन घरी आलो. आमच्याकडे मुलीला सांभाळायला फिलिपिन्सच्या एक बाई आहेत, सहा वर्षांपासून. वय चौपन्न. त्याही आजी आहेत. त्यांची नात तिकडे गावी, आणि सहा नाताळ त्यांनी ती मोबाइलच्या पडद्यावर पाहिली आहे. त्यांच्याकडे चोवीसच्या मध्यरात्री सगळं घर एकत्र जेवतं. त्या वेळी मी सोफ्यावर लक्ष्मीबाई वाचत होतो आणि त्या आपल्या खोलीत फोन समोर ठेवून एकट्या बसल्या होत्या. २५ ला त्यांची सुट्टी. चर्च करून मैत्रिणींबरोबर लकी प्लाझाला गेल्या होत्या. मी आलो तेव्हा त्याही नुकत्याच परतल्या होत्या आणि स्वयंपाकघरात उभ्याने डब्यातलं काहीतरी ताटलीत काढून घेत होत्या.

ती ताटली मी पाहिली. स्टीलची, खालच्या खणातली. सोबत एक पेला. आमच्याकडे कुणी कधी नियम केला नव्हता. त्या मांसाहार करतात, बायको शाकाहारी आहे, म्हणून सोयीसाठी भांडी वेगळी, असं आम्ही म्हणत होतो. इथल्या फूड कोर्टातही हलाल आणि बिगर-हलाल ट्रे ठेवायच्या जागा वेगळ्या असतातच की. पण तिथे जो पाळतो तो स्वतःसाठी पाळतो. आणि मीही घरी चिकन खातो. माझी ताटली मात्र वरच्याच खणात असते.

मी करंज्यांचा डबा त्यांच्यापुढे केला. त्यांनी हसून दोन घेतल्या. मग लक्षात आलं, की मी पुन्हा देतोच आहे. तेव्हा मी विचारलं, डब्यात काय आहे? पान्सित, म्हणाल्या, आज मैत्रिणीकडे सकाळी त्यांनीच केलं होतं, चिकन घालून. मला थोडं मिळेल का, असं मी विचारलं. त्या गोंधळल्या. सहा वर्षांत त्यांनी आमच्यासाठी रोज आमचं जेवण रांधलं होतं, पण त्यांचं स्वतःचं कुणी मागितलं नव्हतं. मी वरच्या खणातून दोन सारख्या ताटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. आम्ही बसून जेवलो. शेवयांच्या उपम्याची चुलत बहीण म्हणावं असं काहीतरी होतं, लिंबू पिळलेलं. नातीचा फोटो त्यांनी दाखवला. समोरचे दोन दात पडले आहेत तिचे.

स्टीलची ताटली मी धुऊन वरच्या खणात ठेवली. लक्ष्मीबाईंनी जे केलं त्यासमोर हे मिठाच्या खड्याएवढंही नाही, ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात आई येतेय तीन महिन्यांसाठी. वरचा खण उघडेल आणि विचारेल. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. पुस्तक मात्र मी मित्राच्या आजींकडून तोवर मागून घेतलं आहे.